चार नंबरचं बटण

शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता. केक कापून झाला, टाळ्या वाजल्या, आणि मग मुलांच्या धुडगुसात कुणीतरी किट्टूच्या हातातला फुगा ओढून घेतला. सहा वर्षांची पोर. तिने भोकाड पसरायला हवं होतं, नाहीतर त्या पोराच्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. मुलांच्या जातीने आजवर या दोहोंपैकी एक काहीतरी केलेलं आहे. किट्टूने यातलं काहीच केलं नाही. ती गर्दीतून वाट काढत आईपाशी आली, हेमांगीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आई, मला वाईट वाटलं का?"

"हो गं राणी, वाटलं ना," हेमांगी म्हणाली.

तिला ते आधीच कळलं होतं. तिच्या उजव्या कानातल्या दाण्याने तीन सेकंदांपूर्वीच सांगितलं होतं: वाईट वाटलंय, मध्यम, जवळ घ्या. तिने जवळ घेतलं. किट्टू निमूट कुशीत शिरली, दोन मिनिटांत बाहेर पडली. बाकीच्या आया बघतच राहिल्या. "किती समजूतदार आहे हो तुमची," एक जण म्हणाली. हेमांगी त्या दिवशी तरंगतच घरी आली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तिला त्या आनंदाची फार लाज वाटली.

'उमज' नावाचं ते यंत्र तोवर सांगलीत घरोघरी झालं होतं. मुलाच्या मनगटावर रबराची पट्टी, आणि आईच्या किंवा बापाच्या कानात शेंगदाण्याएवढा दाणा. पट्टी मुलाची नाडी मोजायची, कातडीवरचा घाम मोजायची, आवाजातला चढउतार ऐकायची. घरातल्या आणि शाळेतल्या कॅमेऱ्यातून चेहरा बघायची. मग या सगळ्यावरून बारा भावनांपैकी एक निवडायची आणि कानात सांगायची. पट्टीवर एक बारीक दिवाही होता. मूल शांत असलं की हिरवा, बिनसलं की लाल.

यामागचं शास्त्र काही थापाथापीचं नव्हतं. तान्ह्या बाळाला आपल्या आत काय चाललंय हे उमगत नाही. भूक, भीती, राग, पोटातली कळ, सगळं त्याच्यासाठी एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. आई ते गाठोडं सोडवते. "मनोरा पडला म्हणून चिडलास होय रे?" असं म्हणत एकेका गोष्टीला नाव देते, आणि मूल हळूहळू आपलं गाठोडं आपण सोडवायला शिकतं. ज्यांचे आईबाप मुलाच्या मनाचा असा विचार करतात, ती मुलं पुढे आपला राग आणि आपली भीती जास्त चांगली सांभाळतात, हे मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. उमज बनवणाऱ्यांनी त्यापुढची पायरी टाकली. आईला मूल समजलं की मुलाचं भलं होतं ना, मग आईला मूल अजिबात न चुकता समजेल अशी सोय करू. यात खोट कुठे आहे ते चटकन दिसत नाही. हेमांगीलाही दिसली नव्हती, आणि तिने तर त्या यंत्राला मुळाक्षरं शिकवली होती.

तिची नोकरीच ती होती. मार्केट यार्डामागे हळदीचं एक जुनं गोदाम होतं. ते झाडूनपुसून, थंड हवेची यंत्रं बसवून कंपनीने घेतलं होतं. तरी हवा दमट झाली की भिंतींना हळदीचा वास सुटायचाच. तिथे चाळीस बायका बसायच्या, सगळ्या आया. कंपनीची अटच तशी होती. पडद्यावर कुठल्या कुठल्या घरांतल्या मुलांच्या सहा-सहा सेकंदांच्या क्लिपा यायच्या आणि समोर बारा बटणांची पाटी असायची. एक नंबर आनंद, दोन राग, तीन भीती, चार शांत, असं बारापर्यंत. एकच क्लिप तिघींकडे जायची. तिघींपैकी दोघींनी जे बटण दाबलं असेल ते खरं, तिसरीचं चूक. यंत्र त्या उत्तरांवरून शिकायचं. दिवसाला नऊशे क्लिपा व्हायच्या, त्यामुळे विचार करायला सवड नव्हती, आणि पर्यवेक्षक मॅडम तर बजावायच्याच, "विचार करू नका. पहिल्यांदा वाटतं तेच बरोबर. तुम्ही आया आहात."

हेमांगीच्या शेजारच्या खुर्चीवर मालनताई बसायची. कवठेपिराणची, तीन मुलांची आई, तोंडाने मोकळी. पडद्यावर एखादं पोर टाचा जुळवून, हात मांडीत घेऊन सोफ्याच्या कडेला बसलेलं दिसलं की ती म्हणायची, "कसलं शहाणं लेकरू गं हे! जागचं हलत न्हाई." तिचं बोट चारवर पडायचं. हेमांगीचंही चारवरच पडायचं. तिसऱ्या रांगेतल्या बाईचंही. एकमत झालं की पडद्याच्या कोपऱ्यात छोटी बरोबरची खूण उमटायची.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी हेमांगी तिथेच बसलेली असताना फोन आला. तिचा नवरा प्रसन्न जतच्या माळावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा. मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून तो वीस फूट खाली कोसळला होता. मांडीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. "जिवाला धोका नाही, वहिनी," फोनवरचा माणूस तीन वेळा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर हेमांगीला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

एकतीस दिवस प्रसन्न मिरजेच्या इस्पितळात होता. किट्टू आत्याकडे राहिली. हेमांगी इस्पितळाच्या बाकावर बसून तासातासाला मोबाईल उघडायची आणि किट्टूची पट्टी बघायची. शांत. शांत. शांत. एकदा किट्टूला बाबाला भेटायला आणलं. पायाला सळया लावलेला, तोंड सुजलेला बाप बघून मोठी माणसंही बिचकत होती. किट्टू स्टुलावर बसली, हात मांडीत घेतले आणि घरी जाईपर्यंत तशीच बसून राहिली. रडली नाही, काही मागितलं नाही. "बाई गं, काय पोर आहे," नर्स म्हणाली. आत्याही म्हणाली, "हिचा काही त्रास नाही बघ वहिनी. घरात आहे की नाही कळत नाही." हेमांगीला त्या दिवसांत तेवढाच एक आधार होता.

प्रसन्न घरी आला. बाहेरच्या खोलीत त्याची खाट टाकली. स्वयंपाकघरात जायचं तर त्या खाटेजवळूनच वाट होती. चौथ्या दिवशी हेमांगीला किट्टू न्हाणीघरात सापडली. ती बादलीच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती.

"अगं, इथलं कशाला पितेस? आत माठ आहे की."

किट्टूने नळ बंद केला, तोंड पुसलं आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली. दिवा हिरवा होता. दाणा म्हणाला: शांत.

हेमांगी दारातच उभी राहिली. तिने आठवून बघितलं. किट्टू शेवटचं पूर्ण वाक्य कधी बोलली होती? तिला आठवेना. हं, नको, आणि मान हलवणं, एवढ्यावरच घर चाललं होतं, आणि तिला, रोज नऊशे क्लिपांमधल्या मुलांच्या तोंडांकडे टक लावून बघणाऱ्या बाईला, पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. सौंदत्ते मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "तुम्ही आलात ते बरं झालं. किट्टू वर्गात बोलत नाही. म्हणजे अजिबात नाही. पाच आठवडे झाले असतील."

"पाच आठवडे? आणि मला आत्ता सांगताय?"

"पट्टी हिरवी होती हो तिची," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अपराधी होता, पण चेहऱ्यावर गोंधळच जास्त होता. "लाल झाली असती तर मी त्याच दिवशी फोन केला असता. वर्गात अठ्ठावीस मुलं. लालवाल्यांकडेच बघायला दिवस पुरत नाही."

हेमांगीने उमजच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, की गेल्या आठ आठवड्यांत किट्टू सत्त्याण्णव टक्के वेळ शांत होती, जिल्ह्यातल्या सर्वांत स्थिर मुलांमध्ये तिचा क्रमांक लागतो, अभिनंदन. हेमांगीने फोन ठेवला.

मिरजेला डॉक्टर शिकलगार म्हणून मुलांच्या मनाचे डॉक्टर होते. साठीचे, बुटके, खिशात नेहमी खडू असलेले गृहस्थ. त्यांच्या टेबलावर मातीची चार जनावरं होती. त्यांनी किट्टूसमोर बैल ठेवला आणि विचारलं, "आवडला का गं?"

किट्टूने मनगट वळवलं, पट्टीवरचा दिवा बघितला, मग आईकडे बघितलं.

डॉक्टरांनी आणखी चार-पाच प्रश्न विचारले. दर वेळी तेच झालं. मग त्यांनी किट्टूला मदतनीस ताईबरोबर पलीकडच्या खोलीत खेळायला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, हिला विचारलं की ही स्वतःच्या आत बघत नाही. मनगटाकडे बघते. ही पट्टी कधीपासून आहे?"

"चार वर्षांची होती तेव्हापासून. पण डॉक्टर, यंत्र चुकत नव्हतं. खरंच नव्हतं. मी पडताळून बघायची."

"तीच तर अडचण आहे. चांगल्यातल्या चांगल्या आईचाही अंदाज निम्म्याहून जास्त वेळा चुकतो. आम्ही मोजून बघितलंय. मूल किरकिरतं. आई म्हणते, भूक लागली? नाही. झोप आली? नाही, मूल हातपाय झाडतं. मग काय, मुंगी चावली? त्या 'नाही नाही'मध्ये मूल शिकत असतं, की माझ्या आत काहीतरी आहे. ते आईला दिसत नाही, मलाच सांगावं लागणार. आणि आई परत परत विचारतेय, म्हणजे तिला ते हवंय. तुमचा दाणा दोन वर्षं चुकलाच नाही, म्हणजे हिच्यावर नाही म्हणायची पाळीच आली नाही. आणि आता तो चुकतोय, तर नाही कसं म्हणायचं ते हिला येत नाही."

"आता चुकतोय म्हणजे?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे फिरवला. मघाशी बाहेर थांबली असतानाचं किट्टूचं चित्रण होतं. बाकाच्या कडेला किट्टू, टाचा जुळवलेल्या, हात मांडीत. सहा-सात सेकंदच असतील.

हेमांगीचा उजवा हात टेबलावर होता. त्याचं दुसरं बोट आपोआप उचललं गेलं, बटणांची चौथी जागा जिथे असायची तिथे गेलं आणि लाकडावर टक्‌ करून दाबलं गेलं.

तिने बोटाकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. मुलीचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. छाती हलत नव्हती. मांडीतल्या हातांची बोटं एकमेकांत इतकी आवळलेली होती की पेरं पांढरी पडली होती. हे शांत नव्हतं. कुठल्याच आईला हे शांत वाटायला नको होतं.

"फार घाबरलं की शरीर पळत नाही, ओरडतही नाही, थिजतं," डॉक्टर हळू आवाजात सांगत होते. "गवतातला ससा थिजतो तसं. नाडी मंदावते, श्वास अडतो, हालचाल बंद. आकडे बघाल तर शांत मुलाच्या आकड्यांच्या जवळपास दिसतात. चेहऱ्यावरून फरक ओळखता यायला हवा. यंत्राला तो का येत नाही ते कोडंच आहे."

"कोडं नाही," हेमांगी म्हणाली. "आम्हीच शिकवलं त्याला."

आणि तिने सगळं सांगितलं. नोकरीचे कागद सही करताना बाहेर काही बोलायचं नाही अशी अट होती, तरी सांगितलं. गोदाम, बारा बटणं, शहाणं लेकरू. लाखो क्लिपांमधली किती गप्प मुलं त्यांनी चारमध्ये टाकली असतील याचा अंदाज करायला ती धजेना. गप्प बसणारं मूल म्हणजे चांगलं मूल, हे चाळीसही जणींना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं. हेमांगीलाही लहानपणी सगळे शहाणी म्हणायचे. ती गप्प का असायची हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि आता ते तिचं तिलाही आठवत नव्हतं.

"पट्टी काढा," डॉक्टर म्हणाले. "आणि विचारा. चुकलात तरी विचारत राहा."

"आणि तिने उत्तरच दिलं नाही तर? किती दिवस?"

"ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "मात्र फार उशीर करू नका. या वयात लागलेलं कुलूप पुढे किल्लीला दाद देत नाही."

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. परतीच्या रस्त्यावर हेमांगी तेच घोळवत राहिली.

घरी आल्यावर तिने पट्टी सोडली. मनगटावर पांढरा वळ उमटलेला होता. किट्टूने तो बोटाने चाचपला, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिने पूर्ण वाक्य उच्चारलं. "मग मला कसं कळणार?"

"मलाही नाही कळणार," हेमांगी म्हणाली. "आपण शोधू दोघी."

किट्टूच्या चेहऱ्यावरून तरी या उत्तराने तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. तिने हात मांडीत घेतले.

प्रसन्नला हे अजिबात पटलं नाही. तो खाटेवरून जमेल तेवढा उठून बसला. "आत्ताच कशाला काढलीस? मी हा असा पडलेला. निदान यंत्र तरी लक्ष ठेवत होतं."

"ते लक्ष ठेवत नव्हतं रे."

"आणि तू ठेवणार? तुला गोदामातून यायला सहा वाजतात."

खरं तर हेमांगीलाही भीती वाटत होती. दोन वर्षं तिने अंदाज म्हणून केला नव्हता. किट्टूकडे बघितलं की आता कानात नुसती पोकळी वाजायची. ही भुकेली आहे का? दमलीय का? पट्टी नसताना पूर्वीच्या आया हे कसं करत होत्या देव जाणे. ती विचारत राहिली. "शाळेत काही झालं का?" "बाबाकडे बघून भीती वाटते का?" "डोकं दुखतंय का?" किट्टू दर प्रश्नाला आधी मोकळ्या मनगटाकडे बघायची आणि मग कुठेच बघायची नाही. एक आठवडा गेला. दुसरा गेला. भात चिवडून ताट बाजूला सारायची. तिचे गाल बसले. रोज संध्याकाळी दार उघडताना हेमांगीला वाटायचं, आपण हिच्या हातातली काठी काढून घेतली आणि हिला चालायला मात्र शिकवलं नाही.

गोदामातही तिने प्रयत्न केला. सोफ्याच्या कडेला बसलेलं एक पोर आलं तेव्हा तिने तीन नंबरचं बटण दाबलं, भीती. पडद्यावर अक्षरं आली: एकमत नाही. दोन विरुद्ध एक. पुढच्या तशा क्लिपेला पुन्हा तीन दाबलं. पुन्हा तेच. दुपारपर्यंत तिची अचूकता इतकी घसरली की मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. हेमांगीने त्यांना सगळं समजावून सांगितलं, किट्टूचंही सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. वाईटही वाटलं त्यांना, नाही असं नाही. "पण हेमांगी, तुझ्या एकटीच्या मुलीवरून आम्ही सगळं कसं बदलणार? वर कळवते मी." त्या गेल्यावर मालनताई वाकून म्हणाली, "माझा मधला असाच गप बसतो गं. लई शहाणा आहे म्हणत होते मी." एवढं बोलून ती पडद्याकडे वळली, आणि तिचं बोट बराच वेळ कुठल्याच बटणावर पडलं नाही.

मग तो रविवार आला. सकाळचे अकरा वाजले होते. प्रसन्न वॉकर धरून चालायचा सराव करत होता. खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. किट्टू कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. परतताना वॉकरचा पाय सतरंजीत अडकला. प्रसन्न झुकला, भिंतीला धडकला, कसाबसा सावरला आणि एक सणसणीत शिवी हासडली. काही लागलं नाही. पण कोपऱ्यातले दोन खांदे कानांपर्यंत चढले आणि सोललेली शेंग हातातच राहिली.

हेमांगी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा पडेल असं वाटलं?"

काही नाही.

"बाबाने शिवी दिली म्हणून घाबरलीस?"

काही नाही. पण नजर मनगटाकडे गेली नाही, एवढं हेमांगीने टिपलं.

"मी सारखी बाबाच्याच मागे असते. माझा राग आलाय का?"

किट्टूच्या नाकपुड्या फुलल्या.

"मग बाबाचा राग आलाय? तो तुझ्याशी खेळत नाही म्हणून?"

"नाही!" किट्टू किंचाळली. शेंगांचं ताट उडालं, टरफलं खोलीभर झाली. "नाही! नाही! नाही! तुला काहीच कळत नाही!"

"अगं ए, आईला असं बोलतात?" प्रसन्न भिंतीला टेकून म्हणाला. हेमांगीने हात वर करून त्याला गप्प केलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. आजवर तिला कुणी इतकं बरं वाटेल असं बोललं नव्हतं.

"खरंच नाही कळत," ती म्हणाली. "तू सांग. मी ऐकते."

किट्टू सांगायला लागली. शब्द अडखळत आले, मधला आधी, पहिला नंतर. बाबा पडला त्या बुधवारी शाळेत मुलांचा भाजीबाजार होता. तिने मेथीच्या जुड्या मांडायच्या होत्या. बाबा येतो म्हणाला होता, आणि सकाळी म्हणाला की काम निघालं. म्हणून तिने त्याचे हातमोजे लपवले. नवे, निळे. हातमोजे नसले की बाबा चढत नाही, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. पण तो फाटके जुने घालून गेला. आणि पडला.

"कुठे लपवलेस?" हेमांगीने विचारलं.

"दप्तरात."

हेमांगीने दप्तर उपसलं. चित्रकलेच्या वहीखाली, अगदी तळाला, निळे हातमोजे घडी घालून ठेवलेले होते. आठवडेच्या आठवडे पोर ते पाठीवर घेऊन शाळेत जात होती आणि परत आणत होती. तिने ते प्रसन्नकडे दिले.

प्रसन्न हातमोजे हातात घेऊन खाटेवर टेकला. किट्टू श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

"इकडे बघ," तो शेवटी म्हणाला. "हातमोज्यांचा काही संबंध नाही. कमरेच्या पट्ट्याला हूक असतो. चढताना तो शिडीलगतच्या तारेत अडकवायचा असतो. दर वेळी. मी नाही अडकवला."

"का?"

"आळस केला. दोन मिनिटांचं काम होतं."

"तार तुटली म्हणाला होतास," हेमांगी म्हणाली. "सगळ्यांना तेच सांगितलंस. मलासुद्धा. कंपनीच्या कागदावरही तसंच लिहिलंय."

प्रसन्नने खाली बघितलं. किट्टू मात्र हळूहळू उठली. टरफलं तुडवत ती खाटेपाशी गेली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि बापाचं तोंड अगदी जवळून न्याहाळलं. त्याचे डोळे, त्याचा ओठ, हातमोज्यांशी चाळा करणारी बोटं.

"बाबा, तू घाबरलायस?"

"मी? कशाला घाबरू?"

"आई ओरडेल म्हणून."

प्रसन्नच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "होय," तो म्हणाला. "घाबरलोय बघ."

मग किट्टू वळली आणि तशाच नजरेने आईकडे बघायला लागली. हेमांगी उभी होती. नवरा मरता मरता वाचला होता तो दोन मिनिटांच्या आळसापायी, आणि इतके दिवस तिच्या तोंडावर खोटं बोलत राहिला होता, आणि त्या सगळ्या काळात ही पोर आपणच बाबाला पाडलं असं समजत होती. हेमांगीची कानशिलं तापली होती.

"आईला राग आलाय," किट्टू म्हणाली.

तिने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. 'नाही गं, कुठे काय' हे शब्द हेमांगीच्या ओठांवर आलेच होते. घरात मुलं असली की बायका ते शंभर वेळा म्हणतात आणि चेहरा सारखा करतात. किट्टू वाट बघत होती. आपल्याला दिसलं ते बरोबर की चूक, एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगणारं आता दुसरं कुणी नव्हतं. हेमांगीने चेहरा होता तसाच ठेवला.

"आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. बाबाचा. तुझा नाही."

"मला वाटलंच," किट्टू म्हणाली.